अपेक्षित नापास

18 डिसेंबर 1987 रोजी लॅरी वॉलने पर्ल भाषेची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. तिच्यासोबत 'टी' नावाच्या फोल्डरमध्ये छोट्या छोट्या टेस्टही होत्या. प्रत्येक फाइल आधी सांगे की मी एकूण इतक्या टेस्ट करणार. मग ओळीओळीने 'ओके' किंवा 'नॉट ओके' छापे. सांगितल्या बारा आणि छापल्या सात, तर मध्येच काहीतरी कोलमडलं हे उघड. ही साधी युक्ती मला आजही आवडते.

पण अर्धवटपणाचा आणखी एक प्रकार असतो. टेस्ट लिहून तयार, तिला पास करणारा कोड मात्र अजून व्हायचाय. ती रोज नापास होणारच, आणि रोज लाल दिसू लागलं की माणसं लाल रंगाकडे बघणं सोडून देतात.

केंट बेक आणि एरिक गामा यांनी 1997 मध्ये झुरिकहून अटलांटाला जाताना विमानात जेयुनिट लिहायला घेतलं, त्यात यावर उपाय नव्हता. टेस्टचं नाव 'टेस्ट' या शब्दाने सुरू व्हावं लागे, म्हणून लोक नावापुढे एक 'एक्स' चिकटवत. टेस्ट गुपचूप गायब! 2006 च्या जेयुनिट 4 मध्ये 'इग्नोर' ही खूण आली, निदान वगळल्याची नोंद तरी राहू लागली. तरी वगळलेली टेस्ट चालत नाहीच.

पर्लवाले तोवर पुढे गेले होते. मायकेल श्वर्नचं 'टेस्ट मोअर' 2002 मध्ये पर्ल 5.8 सोबत आलं. त्यात 'टूडू' खूण केलेली टेस्ट चालते, नापास होते, पण ते नापास होणं धरलं जात नाही. शेजारी कारण लिहिलेलं असतं. आणि कधी पास झालीच, तर तेही वेगळं कळवलं जातं.

या शेवटच्या सोयीची किंमत मला नगरमध्ये कळली. आमचं सॉफ्टवेअर गावोगावच्या दूध संकलन केंद्रांचा हिशेब ठेवतं. बिलावर छापायचं जिल्ह्याचं नाव आम्ही बाहेरच्या यादीतून घेतो. 31 मे 2023 ला चौंडीत 'अहिल्यानगर'ची घोषणा झाली. बिलावर नवं नाव यावं, अशी टेस्ट मी लगेच लिहिली. मंत्रिमंडळाची मंजुरी मार्च 2024 मध्ये आली, अधिसूचना ऑक्टोबरमध्ये. पुसली असती तर विसरलो असतो, वगळली असती तर कुणी पाहिलं नसतं. पायटेस्टमध्ये 'एक्सफेल' खूण करून ती रोज रात्री नापास होऊ दिली. पायटेस्ट अनपेक्षित पास एरवी चालवून घेतं. 'स्ट्रिक्ट' लावलं तरच लाल होतं. मी लावलं होतं. यादी बदलली त्या रात्री चांगल्या बातमीने बिल्ड पडलं.

जीसीसी कंपायलरच्या टेस्ट डेजाग्नूवर चालतात, त्यात तर 'अनटेस्टेड' असाही एक निकाल आहे. खरी टेस्ट अजून लिहिलेलीच नाही, एसटीच्या सीटवर रुमाल टाकावा तशी नुसती जागा धरलेली.