नॅशव्हिलच्या विद्यार्थ्यांचा लढा

'पँथर' हा शब्द ठाऊक नाही असे घर आपल्या वस्तीत सापडणार नाही. १९७२ साली उभ्या राहिलेल्या दलित पँथरने नाव घेतले ते अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचे, हेही बहुतेकांना माहीत आहे. पण ब्लॅक पँथरच्या सहा वर्षे आधी तिथल्या काळ्या कॉलेजकुमारांनी आणि मुलींनी हात न उचलता एक अख्खे शहर हलवले होते. ती हकिगत आपल्याकडे फारशी कुणी सांगत नाही. तिचा एक धागा नागपुरातून जातो, म्हणून ती येथे मुद्दाम देत आहोत.

जेम्स लॉसन हे काळे तरुण धर्मोपदेशक. कोरियाच्या युद्धाच्या वेळी लष्करभरतीला नकार दिला म्हणून तुरुंगात गेलेले. १९५३ साली मेथडिस्ट मिशनतर्फे ते नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात आले. मुलांना खेळ शिकवायचे आणि सत्याग्रहाचा अभ्यास करायचे. माँटगोमेरी शहरात काळ्या लोकांनी बसवर बहिष्कार टाकल्याची बातमी त्यांनी नागपुरातच पेपरात वाचली. १९५६ साली ते मायदेशी परतले. त्याच साली ऑक्टोबरात नागपुरात काय घडले, हे आपल्या वाचकांना सांगायला नको.

सत्याग्रह म्हटला की जग गांधीजींचे नाव घेते, लॉसन यांनीही तेच घेतले. आम्हाला मात्र १९२७ चे महाड आठवते. चवदार तळ्याचे पाणी प्यायल्यावर आपल्या माणसांना मारहाण झाली, तरी बाबासाहेबांनी उलट हात उचलू दिला नाही. एवढा राग गिळायचा कसा? लॉसन यांनी काय केले ते वाचले की थोडे कळते.

नॅशव्हिलला त्यांनी चर्चमध्ये विद्यार्थ्यांचे वर्ग घेतले. काही मुलांनी गोरे गुंड व्हायचे, शिव्या द्यायच्या, धक्के मारायचे, खुर्चीवरून खाली ओढायचे. बाकीच्यांनी ते सोसायचे. मार पडला तर डोके कसे सांभाळायचे, शेजारच्या पोराला आडवे होऊन कसे वाचवायचे, सगळ्याची तालीम. काही गोरे विद्यार्थीही सामील झाले.

तिथल्या दुकानांची रीत मजेशीर होती. काळ्या माणसाने साबण घ्यावा, वह्या घ्याव्यात, त्याचे पैसे बाटत नव्हते. पण त्याच दुकानात खाण्याच्या काउंटरवर बसून कॉफी मागितली की नकार. आपल्या आजोबांना हॉटेलात वेगळी कपबशी मिळायची, तिचीच ही बहीण.

१ फेब्रुवारी १९६० रोजी ग्रीन्सबरो गावात चार विद्यार्थी वुलवर्थच्या काउंटरवर जाऊन बसले. १३ तारखेला नॅशव्हिलचे सव्वाशेच्या आसपास विद्यार्थी नीटनेटके कपडे घालून तीन दुकानांत शिरले. नकार मिळाला, तरी उठले नाहीत. पुन्हा आले, पुन्हा बसले. २७ फेब्रुवारीला गोऱ्या टोळक्यांनी त्यांना स्टुलावरून खाली खेचले, अंगावर जळत्या सिगारेटी विझवल्या. पोलिसांनी पकडले ते ८१ विद्यार्थ्यांनाच! एक तुकडी गाडीत चढली की दुसरी तिच्या जागी येऊन बसायची. कोर्टाने ५० डॉलर दंड केला, तेव्हा डायान नॅश या मुलीने आणि तिच्या अनेक सोबत्यांनी दंड नाकारून तुरुंग पत्करला. नॅश तेव्हा अवघी एकवीस वर्षांची. तिच्या सोबतचा जॉन लुईस वीस वर्षांचा, शेतकऱ्याचा पोरगा. तुरुंग म्हणजे घराण्याला बट्टा, अशीच त्याच्या आईबापांची समजूत होती. कुठल्या आईबापांची नसते?

लॉसन धर्मशास्त्र शिकत होते त्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने त्यांना काढून टाकले. मग काळ्या कुटुंबांनी ऐन ईस्टरच्या खरेदीत बाजारावर बहिष्कार टाकला. १९ एप्रिलला पहाटे विद्यार्थ्यांचे वकील लूबी यांच्या घरावर डायनामाइट फेकले गेले. ते आणि त्यांची पत्नी वाचले. त्याच दिवशी हजारो लोक मुकाट्याने चालत महापौर बेन वेस्ट यांच्यासमोर गेले. नॅशने सरळ विचारले, केवळ रंगावरून माणसाला वेगळे वागवणे योग्य आहे का? योग्य नाही, असे महापौरांना सर्वांदेखत म्हणावे लागले. १० मे रोजी सहा दुकानांचे काउंटर खुले झाले.

दुकानदारांचे मन एका रात्रीत पालटले, असे आम्ही मानत नाही. गल्ला रिकामा राहू लागला होता. पण शेजारच्या स्टुलावर काळी मुलगी बसून सँडविच खाते आणि आभाळ कोसळत नाही, हे गोऱ्या गिऱ्हाइकांनी रोज पाहिले. मन बऱ्याचदा वागणुकीच्या मागून येते. तरीही १९६१ साली याच मुलांना सिनेमागृहांसमोर उभे राहावे लागले, आणि देशभरासाठी कायदा व्हायला १९६४ उजाडले.

जॉन लुईस १९८७ पासून २०२० साली मृत्यू येईपर्यंत अमेरिकेच्या संसदेत होते. नॅश यांना २०२२ साली तिथला सर्वोच्च नागरी सन्मान मिळाला. लॉसन २०२४ साली पंचाण्णव वर्षांचे होऊन वारले. व्हँडरबिल्टने त्यांना २००६ साली पुन्हा बोलावून घेतले होते, या वेळी प्राध्यापक म्हणून.