तळटीप : साष्टीतले ‘परेरा’

१२. परेरा : हे आडनाव रक्ताचा माग सांगत नाही. १५३४ च्या तहाने साष्टी पोर्तुगिजांकडे गेली, त्यानंतर बाप्तिस्मा घेणाऱ्याला बहुधा धर्मपित्याचे किंवा पाद्रीचे आडनाव मिळे. म्हणून एकाच गावठाणातली दोन परेरा घरे एकमेकांची कोणी नसतीलही. खरा माग चर्चच्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या वह्यांत. तिथेही लिहिणाऱ्यागणिक स्पेलिंग बदलते. शिवाय चर्चेच हलली: अंधेरीत आज सीप्झच्या आवारात उभे असलेले १५७९ चे सेंट जॉन चर्च साथीमुळे १८४० मध्ये सोडावे लागले, आणि वस्ती मरोळला सरकली. म्हणून इथे आडनावापेक्षा धर्ममाता-धर्मपित्यांची नावे आणि घराची गावातली ओळख मी अधिक विश्वासाची मानली आहे. – संपादक