सहा गठ्ठे आणि हिरवा कागद

आज जरा ऑफिसबद्दल बोलू. स्लॅक, टीम्स, शेअर्ड फोल्डर, अप्रूव्हल, ते सगळं. लगेच स्किप करू नका, यात पेशव्यांचं दफ्तर येणार आहे, मंत्रालयाची आग येणार आहे आणि माझी आईपण येणार आहे.

सुरुवात माझ्याच फजितीपासून. काही वर्षांपूर्वी नाशिकच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यासाठी आमच्या टीमने ॲप बनवलं. ड्रॉइंग अपलोड करायचं, साहेबांनी कमेंट टाकायची, अप्रूव्ह झालं की शॉपफ्लोअरवर काम सुरू. दिसायला झकास. दोन महिन्यांत जुन्या मापाने एक अख्खा लॉट बनला आणि भंगारात गेला. चौकशीत ॲप उघडलं, तर कमेंटमध्ये नवं माप व्यवस्थित लिहिलेलं. ऑपरेटर म्हणत राहिला, "मी वाचलं तेव्हा हे नव्हतं." कोण ऐकतंय? स्क्रीनवर तर दिसत होतं ना.

मी डेटाबेसचा लॉग खोदला तेव्हा कळलं, कमेंट नंतर बदलली होती. एडिटचं बटण आम्हीच दिलं होतं, आणि आधीचा मजकूर दाखवायची सोय मात्र ठेवली नव्हती. तो माणूस वाचला, पण मधले आठ दिवस त्याने कसे काढले असतील ते त्यालाच माहीत. लोक परत कागदावर सही घ्यायला लागले. आणि खरं सांगू का, बरोबर केलं त्यांनी.

घरी आईला सांगितलं. ती सरकारी कार्यालयातून अव्वल कारकून म्हणून रिटायर झालीये. ती म्हणाली, "अरे, टिपणीवर खाडाखोड चालते का कधी? मत बदललं तर खाली नवी टिपणी लिहायची, सही करायची, तारीख टाकायची. वरचं तसंच ठेवायचं." चार वर्षं इंजिनिअरिंग केलं, त्यात हे कोणी शिकवलं नव्हतं.

मग मी यात शिरलोच. शिवकालीन पत्रं बघा. मजकूर संपतो तिथे एक छोटा शिक्का असतो, 'मर्यादेयं विराजते'. म्हणजे पत्राची हद्द इथे संपली, याच्याखाली कोणी काही घुसडू नये. शिवाय 'रुजू', 'सुरू सूद', 'बार' असे शेरे. पत्र एकाच माणसाच्या हातून बाहेर पडत नव्हतं. तपासलं, नोंदलं, मग रवाना झालं, याच्या या खुणा. पेशवाईत कागद इतके वाढले की विषयवार रुमालात बांधून ठेवायचे. रुमाल म्हणजे चौकोनी कापडाचं बोचकं. ते रुमाल आजही पुण्याच्या पुराभिलेखागारात आहेत, 1891 साली बांधलेल्या इमारतीत. गो. स. सरदेसायांनी 1930 पासून चार-पाच वर्षांत त्यातून निवडक कागदांचे 45 खंड काढले. दीडशे-दोनशे वर्षांनी कागद सापडू शकतो, कारण बांधणाऱ्याने काहीतरी पद्धत ठेवली होती. माझ्या लॅपटॉपवर मागच्या वर्षीचं डिझाइन सापडत नाही, हे जाता जाता सांगतो.

इंग्रजांच्या महसुली कारभारातून पुढे कागदांची आणखी शिस्त आली आणि महाराष्ट्रात जी रुजली ती 'सहा गठ्ठे पद्धत'. आईने डायनिंग टेबलवर वर्तमानपत्रं मांडून समजावली. प्रत्येक टेबलाचे कागद सहा गठ्ठ्यांत. पहिला, आपण ज्यावर काम करायचं ते. दुसरा, दुसऱ्याच्या उत्तराची वाट बघतोय ते. तिसरा, नियतकालिकं, म्हणजे ठरावीक तारखेला जाणारे अहवाल. चौथा, स्थायी आदेश. पाचवा, काम संपलेले, रेकॉर्ड रूमला पाठवायचे. सहावा, नष्ट करायचे. संपलेल्या कागदालाही वर्ग असतो: 'अ' कायम ठेवायचा, 'ब' 30 वर्षं, 'क' 10 वर्षं, 'ड' एक वर्ष. मी बघतच राहिलो. टू-डू, वेटिंग, रिकरिंग, विकी, आर्काइव्ह, डिलीट. आमच्या प्रोजेक्ट बोर्डावर यातले पहिले दोन कॉलम धड असतात, बाकीचे नावाला.

पण पद्धत असणं आणि ती पाळली जाणं यात फरक आहे. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला शेजारच्या अहमदनगरला (आता अहिल्यानगर) अनिलकुमार लखिना कलेक्टर होते. त्यांनी कलेक्टर कचेरीच नव्याने मांडली. कोण कुठे बसणार, रेकॉर्ड कुठे राहणार, आलेल्या माणसाने कोणाला विचारायचं, कुठल्या कामाची रीत काय. आणि कर्मचाऱ्यांना त्याचं प्रशिक्षण. हाच 'लखिना पॅटर्न' मग राज्यातल्या इतर कार्यालयांतही नेला गेला. जुने कर्मचारी अजून हे नाव घेतात. लक्षात घ्या, यात कॉम्प्युटर कुठेच नाही.

आता 21 जून 2012. दुपारी मुंबईत मंत्रालयाच्या चौथ्या मजल्यावर आग लागली आणि वरच्या मजल्यांवर पसरली. पाच माणसं गेली. फायलींचे ढीग जळाले, आणि सरकारसमोर प्रश्न उभा राहिला की या फायली परत उभ्या कशा करायच्या. आईच्या ऑफिसलाही पत्र आलं, अमुक विषयाच्या प्रती असतील तर पाठवा. मी तेव्हा शाळेत होतो, पण तो आठवडा आठवतो, ती रोज उशिरा यायची. तिच्या टेबलाचे कागद तासाभरात मिळाले. बाजूच्या टेबलावर गठ्ठे कधी लावलेच नव्हते, तिथे चार दिवस नुसती धूळ. 'मिळाले नाहीत' असं कळवावं लागलं.

आगीनंतर राज्यात ई-ऑफिसचा जोर वाढला. हे सॉफ्टवेअर एनआयसीचं, म्हणजे केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचं, 2009 पासूनचं. पहिल्यांदा स्क्रीन बघितली तेव्हा मला हसू आलं होतं. डावीकडे टिपणी, उजवीकडे पत्रव्यवहार, आणि टिपणीची पार्श्वभूमी चक्क हिरवी, जुन्या टिपणीच्या कागदासारखी! वाटलं, काय हे डिझाइन. पण नीट बघा. पिवळी नोट कच्ची, ती बदलता येते, टाकून देता येते. हिरवी नोट पुढे पाठवली की कायम. म्हणजे लिपिकापासून कक्ष अधिकारी, अवर सचिव, उपसचिव, सचिव, मंत्र्यांपर्यंत कोण काय म्हणालं ते जसंच्या तसं. आमच्या ॲपला नेमकी हीच गोष्ट हवी होती. हसणारा मी, आणि लॉट भंगारात माझ्यामुळे.

स्लॅकची गोष्टही फार वेगळी नाही. एक टीम 'ग्लिच' नावाचा ऑनलाइन गेम बनवत होती. आपापसात बोलायला त्यांनी जुन्या चॅटवर स्वतःपुरती सोय जोडत नेली. 2012 मध्ये गेम बंद पडला, आणि ती सोय 2013 मध्ये स्लॅक म्हणून बाहेर आली. आधी काम करायची सवय होती, प्रॉडक्ट नंतर.

उलटं केलं की काय होतं तेही आपल्याकडेच दिसलं. 2017 मध्ये, म्हणजे आगीनंतर पाच वर्षांनी, पुण्याचे विभागीय आयुक्त चंद्रकांत दळवी यांनी 'झिरो पेंडन्सी' मोहीम काढली. त्यात काय करायचं होतं? जुने कागद सहा गठ्ठ्यांप्रमाणे लावा, नष्ट करायचे ते नष्ट करा, आजचं काम आज संपवा. ई-ऑफिस येऊन गेलं होतं, गठ्ठे लावायचे राहिलेच होते. न लावलेला ढीग स्कॅन केला तर हातात स्कॅन केलेला ढीग येतो.

माझ्या ॲपचं काय झालं? आम्ही कारखान्यात जाऊन पंधरा दिवस बसलो. सुपरवायझरच्या वहीत त्याने स्वतःच 'थांबलेले' असं एक पान ठेवलं होतं, तो आमचा दुसरा गठ्ठा झाला. पाठवलेली कमेंट लॉक केली. दुरुस्ती करायची तर खाली नवी, नाव आणि वेळेसकट. त्या ऑपरेटरला टेस्टिंगला बसवलं. त्याने पहिल्यांदा काय केलं असेल? पाठवलेली कमेंट बदलायचा प्रयत्न. पाच-सहा वेळा केला, मग म्हणाला, "हां, आता चालेल."

सहावा गठ्ठा मात्र अजून लागलेला नाही. सर्व्हरवर 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल नवीन 2' अशी ड्रॉइंग्ज पडून आहेत, आणि डिलीट करायला कोणी सही देत नाही. आईने परवा पुन्हा विचारलं, "त्यांचा वर्ग ठरवलात का?" सोमवारी मीटिंग आहे.