केडलस्टन हॉल : दाखविण्यासाठी बांधलेले घर

इंग्लंडमधील डर्बीशायर या काउंटीतील केडलस्टन हॉल हा प्रासाद १९८७ पासून नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या ताब्यात असून तो जनतेला पाहण्यासाठी खुला आहे. अशा ‘कंट्री हाऊस’चे दरवाजे सामान्यांसाठी उघडले जाणे हे विसाव्या शतकातील लोकशाहीकरणाचे फळ होय, असा समज रूढ आहे. आधी खासगी मालमत्ता, नंतर करांचा बोजा, त्यानंतर न्यास आणि अखेरीस जनता, अशी ती सरळ कथा सांगितली जाते. केडलस्टनच्या बाबतीत ही कथा अपुरी ठरते. हे घर मुळातच परक्यांनी पाहावे म्हणून बांधले गेले होते. कालांतराने बदलत गेले ते पाहणारे लोक, आणि त्यांना काय दाखवावे व काय दाखवू नये याविषयीचे निर्णय.

सर नॅथॅनिएल कर्झन याने १७५९ मध्ये जुने घर पाडून नवे बांधण्यास आरंभ केला. प्रारंभीचे आराखडे मॅथ्यू ब्रेटिंगहॅम व जेम्स पेन यांचे होते. पुढे सर्व काम रॉबर्ट ॲडम या तरुण वास्तुविशारदाकडे आले. उत्तरेकडून प्रवेश करताच अलाबास्टर या दगडाच्या २० स्तंभांचे भव्य दालन लागते. त्यामागील घुमटाकार दालनाची कल्पना रोमच्या पॅन्थिऑनवरून, तर दक्षिण दर्शनी भागाची कल्पना कॉन्स्टंटाइनच्या कमानीवरून घेतलेली आहे. परंतु या मध्यवर्ती इमारतीत कुटुंब राहत नसे. कुटुंबाचा निवास एका बाजूच्या उपभवनात आणि स्वयंपाकघर दुसऱ्या बाजूच्या उपभवनात होते. आपल्याकडील वाड्यात सदर आणि माजघर यांच्यामध्ये एखादा चौक असतो. येथे संपूर्ण मधला प्रासाद हीच सदर होती. मूळ योजनेत अशी चार उपभवने होती, प्रत्यक्षात दोनच बांधली गेली.

हे भव्य दर्शन साधण्यासाठी जे हलवावे लागले, त्याची नोंद घेणे आवश्यक आहे. घरासमोर विस्तीर्ण उद्यानभूमी हवी म्हणून केडलस्टन गाव जागेवरून उठविण्यात आले आणि रस्ताही दूर वळविण्यात आला. गावाचे मध्ययुगीन चर्च तेवढे प्रासादाला लागून उभे राहिले. आज तेथे जाणाऱ्या प्रवाशाला निसर्गसुंदर वाटणारी हिरवळ आणि जलाशय ही अशा विस्थापनानंतर योजनापूर्वक केलेली रचना आहे.

अठराव्या शतकातच येथे प्रेक्षकांची रीतसर व्यवस्था होती. चित्रे व पुतळे यांची छापील सूची उपलब्ध होती आणि मिसेस गार्नेट या हाऊसकीपर, म्हणजे घरातील मुख्य स्त्री-कारभारी, पाहुण्यांना दालने दाखवीत. हातात ती सूची घेतलेले त्यांचे व्यक्तिचित्र काढले गेले, ही त्या काळी एका नोकरस्त्रीच्या बाबतीत असाधारण गोष्ट म्हटली पाहिजे. १७७७ मध्ये डॉ. सॅम्युएल जॉन्सन व जेम्स बॉस्वेल येथे आले होते. बॉस्वेल भारावून गेला. जॉन्सन यांना मात्र ही वास्तू घरापेक्षा नगरसभागृह म्हणून अधिक शोभेल असे वाटले. हा शेरा चेष्टेचा असला तरी नेमका आहे. जेन ऑस्टेनच्या १८१३ मधील ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ या कादंबरीत एलिझाबेथ पेम्बर्लीचे घर पाहते तेही एका हाऊसकीपरच्या मार्गदर्शनाखालीच. अर्थात पाहण्याची ही मुभा नीटनेटक्या पोशाखातील सुस्थित वर्गापुरती होती. उठविल्या गेलेल्या गावातील कुळांसाठी ती नव्हती.

भारताशी या घराचा संबंध दोन टप्प्यांत आला. लॉर्ड वेलस्लीच्या कारकिर्दीत कलकत्त्याचे गव्हर्न्मेंट हाऊस १७९९ ते १८०३ या काळात बांधले गेले. त्याचा आराखडा करताना कॅप्टन चार्ल्स वायट याने केडलस्टनचा नमुना पुढे ठेवला, आणि तेथे चारही उपभवने बांधली गेली. डर्बीशायरमध्ये अपुरी राहिलेली योजना हुगळीकाठी पूर्ण झाली. याच घराण्यात १८५९ मध्ये केडलस्टनला जन्मलेला जॉर्ज नॅथॅनिएल कर्झन १८९९ मध्ये व्हाइसरॉय म्हणून कलकत्त्यास आला, तेव्हा तो आपल्याच घराच्या प्रतिकृतीत राहावयास आला.

मराठी वाचकाला कर्झन परिचित आहे तो १९०५ च्या बंगालच्या फाळणीमुळे. पुरातन वास्तूंच्या इतिहासात त्याची बाजू अधिक गुंतागुंतीची आहे. प्राचीन स्मारकांच्या संरक्षणाचा १९०४ चा कायदा त्याच्या कारकिर्दीतला. मायदेशी परतल्यावर त्याने १९११ मध्ये टॅटरशॉल किल्ला विकत घेऊन वाचविला आणि १९२५ मध्ये मृत्यूसमयी तो व बोडियमचा किल्ला नॅशनल ट्रस्टला दिला. मात्र वास्तू आपल्या जागीच राहिल्या पाहिजेत असा आग्रह धरणाऱ्या याच प्रशासकाने आशियातील प्रवासांत व भारतातील वास्तव्यात जमविलेल्या वस्तू इंग्लंडला गेल्या. केडलस्टनच्या तळमजल्यावर १९२७ मध्ये त्यांचे ‘ईस्टर्न म्युझियम’ झाले. शस्त्रे, चांदीच्या व हस्तिदंती वस्तू, वस्त्रे असा हा संग्रह आहे. १९०३ च्या दिल्ली दरबाराच्या वेळी लेडी कर्झन यांनी परिधान केलेला मोरपिसांच्या नक्षीचा झगाही केडलस्टनलाच आहे. त्यावरील जरदोजी भारतीय कारागिरांची, शिवण पॅरिसच्या वर्थ यांची. त्याची प्रसिद्धी मात्र बहुधा परिधान करणारीच्या नावाने होते.

येथे एक काटेकोर भेद करणे भाग आहे. केडलस्टन हे ‘भारताच्या लुटीतून’ बांधले गेले, असे सरसकट विधान इतिहासाला धरून होणार नाही. ते मुख्यतः मध्ययुगापासून घराण्याकडे असलेल्या इंग्लिश जमिनीच्या आधारावर उभे राहिले. याउलट बर्कशायरमधील बॅसिल्डन पार्क हे ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत श्रीमंत झालेल्या फ्रान्सिस साइक्सचे घर होते. तर यॉर्कशायरमधील हेअरवुड हाऊस, ज्याच्या अंतर्सजावटीत याच ॲडमचा हात होता, ते वेस्ट इंडीजमधील साखर व गुलामगिरी यांच्या पैशावर उभे राहिले. प्रेक्षकाला तिन्ही घरांत साधारण सारखीच छते व स्तंभ दिसतात. पैशाचा उगम भिंतीवर दिसत नाही.

१८९४ चा वारसा कर, शेतीच्या उत्पन्नातील घट आणि दोन महायुद्धे यांमुळे विसाव्या शतकात अशी एक हजाराहून अधिक घरे नष्ट झाली. त्यांच्या नाशाचे प्रदर्शन १९७४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये भरविण्यात आले होते. केडलस्टन वाचले ते राष्ट्रीय वारसा स्मृतिनिधीच्या मोठ्या अनुदानामुळे. म्हणजेच, प्रासाद राखण्याचा भार सार्वजनिक पैशाने उचलला, आणि म्हणून काय सांगितले जावे हा प्रश्नही सार्वजनिक झाला. सप्टेंबर २०२० मध्ये नॅशनल ट्रस्टने आपल्या ९३ स्थळांचे वसाहतवाद व गुलामगिरी यांच्याशी असलेले संबंध अहवालरूपाने प्रसिद्ध केले, तेव्हा संस्थेने आपली मर्यादा सोडली अशी टीका झाली. इंग्लंडच्या धर्मादाय आयोगाने २०२१ मध्ये, कायद्याचा भंग झाला नसल्याचा निर्वाळा दिला. टीकाकारांची अपेक्षा बहुधा मिसेस गार्नेट यांच्या सूचीइतकीच होती : चित्र कोणाचे, पुतळा कोणाचा. त्या सूचीत वरच्या दालनांची नोंद होती; तळमजल्यावरील हस्तिदंत आणि शस्त्रे कोणाकडून, विकत की भेट म्हणून, कोणत्या परिस्थितीत आली, याची नोंद प्रत्येक वस्तूगणिक स्वतंत्रपणे करावी लागणार आहे.