बेरी पुलावामागची बाई

हॉटेलात आपण बहुतेक वेळा घरच्या माणसांसोबत जातो आणि बिल ते देतात. आम्ही गटातल्या मैत्रिणी कामासाठी मुंबईला गेलो, तेव्हा वर्गणी काढून बॅलार्ड इस्टेटमधल्या ‘ब्रिटानिया’त जेवलो. आज त्या जागेचा इतिहास सांगतो.

गोदी खणताना निघालेल्या मातीदगडाची समुद्रात भर घालून पोर्ट ट्रस्टने ती जमीन तयार केली. १९१४ ते १९१८ या काळात तिथे दगडी इमारतींची पेठ उभी राहिली. इराणहून आलेल्या पारशी धर्माच्या कुटुंबांनी, म्हणजे इराण्यांनी, मुंबईत हॉटेलं काढली. त्यांतलं हे १९२३ सालचं. दुसऱ्या महायुद्धात लष्कराने ही जागा ताब्यात घेतली होती.

इथला बेरी पुलाव प्रसिद्ध आहे. भात, तळलेला कांदा, काजू आणि वर झेरेश्क नावाची इराणची आंबट लाल फळं. हा पदार्थ १९८२ च्या सुमारास आणला तेव्हाचे मालक बोमन कोहिनूर यांच्या पत्नी बचन यांनी. इराणी पुलावात त्यांनी आपल्याकडचा मसाला घातला. पुढे लोक खास त्यासाठी येऊ लागले.

आपल्या लोणच्या-चटण्यांच्या पाकिटावर गटाचं नाव असतं, पण रीत कुणाची ते कुठेच नसतं. पुढच्या बैठकीत गटाच्या वहीत एक पान काढू. पदार्थ, तो शिकवणारी बाई, तिचं गाव आणि साल लिहू. तिच्या नातीला ते वाचता येईल.