रतन खत्री: आकड्याचा धंदा आणि शब्दाची पत

'मटका किंग' म्हटलं की आपल्याला सिनेमा आठवतो. १९७५च्या 'धर्मात्मा'मधली प्रेमनाथची भूमिका रतन खत्रीवर बेतलेली होती, असं मानलं जातं. आज मात्र आपण सिनेमा बाजूला ठेवू आणि धंदा पाहू.

हा जुगार मुळात कापसाचा. न्यूयॉर्कच्या कापूसबाजाराचे उघडतानाचे आणि बंद होतानाचे भाव तारेनं मुंबईत यायचे, लोक त्यांवर पैसे लावायचे. 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द तिथले. १९६१ मध्ये हे भाव येणं थांबलं. आता आकडा आणायचा कुठून? कच्छहून आलेल्या कल्याणजी भगत यांनी १९६२ मध्ये 'वरळी मटका' सुरू केला. फाळणीत कराची सोडून आलेल्या रतन खत्री या सिंधी तरुणानं १९६४ मध्ये 'न्यू वरळी मटका' काढला. मडक्यातल्या चिठ्ठ्यांच्या जागी पुढे पत्ते आले. तीन पत्ते काढायचे, बेरीज करायची, तिचा शेवटचा अंक म्हणजे आकडा. २, ५, ६ निघाले तर बेरीज १३, आकडा ३.

आता भाव पाहा. आकडे दहा, आणि रुपयाला मिळायचे नऊ. जोड्या शंभर, मिळायचे नव्वद. दहा जणांनी दहा आकड्यांवर एकेक रुपया लावला, तर एक रुपया धंद्यातच राहणार. म्हणजे फसवायची गरजच नाही! उलट बुकीनं एकदा जरी पैसे बुडवले, तर दुसऱ्या दिवशी आकडा लावायला येणार कोण?

इथं आपल्या विषयाचा गाभा आहे. १८७२च्या करार कायद्याचं कलम ३० सांगतं की पैजेचा करार निरर्थक. कोर्टात दाद नाही. मग हा सगळा व्यवहार उभा कशावर होता? दिलेल्या शब्दावर. कायद्यानं ज्याला जागा दिली नाही, त्याला शब्द पाळावाच लागला.

पण शब्द पाळला म्हणून धंदा चांगला ठरतो का? आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना इथं थांबावं लागतं. गिरणगावातला कामगार पगारातला रुपया लावायचा, तो खुशीनंच. हिशेबही चोख मिळायचा. तरीही तो रोज लावत राहिला, तर शेवटी हरणार हे गणितातच लिहिलेलं होतं. आणि त्या रुपयावर ज्यांचा हक्क होता, त्या घरच्यांना कुणी विचारलंच नव्हतं. प्रामाणिकपणा हा व्यवहाराचा गुण आहे. व्यवहार न्याय्य आहे की नाही, हा प्रश्न वेगळाच.

आणीबाणीत खत्री १९ महिने तुरुंगात होता. १९८२च्या संपानंतर गिरणगाव मोडत गेलं, नव्वदीच्या सुरुवातीला तोही धंद्यातून बाजूला झाला. ९ मे २०२० रोजी, ८८व्या वर्षी, मुंबईत वारला.

आज आकडा मोबाइलवर लागतो. मडकं गेलं, पत्ते गेले. दहातला तो एक रुपया कुणाचा, हा प्रश्न मात्र आपल्यापुढे तसाच आहे.