पोलिओ निर्मूलन : सहा संस्था, एक कार्यक्रम

नवी दिल्ली : अनेक आंतरराष्ट्रीय संस्था एकाच उद्दिष्टासाठी एकत्र येतात, तेव्हा निधी कोण देणार, काम कोण करणार आणि उत्तरदायित्व कोणाचे, हे प्रश्न आधी सोडवावे लागतात. जागतिक पोलिओ निर्मूलन उपक्रम हे अशा सहकार्याचे सर्वाधिक काळ चाललेल्या उदाहरणांपैकी एक आहे.

जागतिक आरोग्य परिषदेने १९८८ मध्ये या उपक्रमाचा ठराव संमत केला. त्या वेळी १२५ देशांत पोलिओचा प्रादुर्भाव होता आणि दरवर्षी सुमारे साडेतीन लाख बालके त्याला बळी पडत होती. जागतिक आरोग्य संघटना, रोटरी इंटरनॅशनल, युनिसेफ आणि अमेरिकेचे रोग नियंत्रण व प्रतिबंध केंद्र हे मूळ चार भागीदार होत. पुढे गेट्स फाउंडेशन आणि २०१९ मध्ये लस आघाडी ‘गावी’ त्यात सहभागी झाली.

कामाची विभागणी

तांत्रिक समन्वय आणि रोगसर्वेक्षण जागतिक आरोग्य संघटनेकडे आहे, तर लसखरेदी आणि लोकसंवाद युनिसेफ पाहते. अमेरिकी केंद्र साथरोगतज्ज्ञ व प्रयोगशाळांचे साहाय्य पुरवते. रोटरी निधी आणि स्वयंसेवक उभे करते. गेट्स फाउंडेशनचा भर अर्थसाहाय्य व संशोधनावर आहे, तर ‘गावी’ नियमित लसीकरणाशी सांगड घालते. या संस्थांचे प्रमुख पोलिओ देखरेख मंडळावर एकत्र बसतात. प्रत्यक्ष मोहीम मात्र त्या त्या देशाचे सरकारच राबवते.

भारतातील अनुभव

भारतात पल्स पोलिओ मोहीम १९९५ मध्ये सुरू झाली. १९९७ मध्ये केंद्र सरकार आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी राष्ट्रीय पोलिओ सर्वेक्षण प्रकल्प उभारला. पंधरा वर्षांखालील बालकाच्या अवयवात अचानक लुळेपणा आल्यास त्याच्या शौचाचे नमुने तपासणे, हा या सर्वेक्षणाचा पाया. मुंबईतील परळच्या एन्टरोव्हायरस संशोधन केंद्राने त्यात महत्त्वाची भूमिका बजावली. सांडपाण्यात विषाणूचा शोध घेण्याचे कामही देशात प्रथम मुंबईतच सुरू झाले.

तरीही २००९ मध्ये देशात ७४१ रुग्ण आढळले. त्यानंतर उत्तर प्रदेशातील ६६ आणि बिहारमधील ४१ अतिजोखमीच्या विकासगटांवर लक्ष केंद्रित करण्यात आले. लसीसोबत स्वच्छता, शुद्ध पाणी आणि अतिसारावरील उपचार यांवर भर दिला गेला. युनिसेफच्या गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी साशंक पालकांची समजूत घातली. २०१० मध्ये रुग्णसंख्या ४२ वर आली. अखेरचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारतासह आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त घोषित झाला. या मोहिमेच्या खर्चाचा मोठा भार भारत सरकारने स्वतः उचलला होता.

परावलंबनाचा धोका

पाकिस्तान आणि अफगाणिस्तानात मूळ विषाणूचा प्रसार अद्याप थांबलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेतून बाहेर पडण्याचा आदेश अमेरिकेने जानेवारी २०२५ मध्ये काढल्याने भागीदारीच्या रचनेवरच ताण आला आहे. पोलिओसाठी उभारलेली यंत्रणा अनेक देशांत गोवरासारख्या रोगांवरही नजर ठेवते. त्यामुळे एका भागीदाराचा हात आखडला, तर झळ केवळ पोलिओ मोहिमेपुरती मर्यादित राहत नाही. सहकार्याने उभारलेली यंत्रणा सरकारांनी वेळीच आपल्या अंदाजपत्रकात सामावून घेणे, हा त्यावरील टिकाऊ उपाय ठरतो.